जुनी इंग्रजी महोगनीची खुर्ची कशी पारखायची

अठराव्या शतकातली इंग्रजी महोगनीची खुर्ची विकत घ्यायची असो की नुसती ओळखायला शिकायची असो, सवय एकच लावून घ्या: खुर्ची आधी उलटी करायची. पाठीवरचं कोरीव काम, पायांचा बाक, चकचकीत पॉलिश हे सगळं लोकांनी बघावं म्हणूनच केलेलं असतं, आणि पुढच्या अडीचशे वर्षांत त्यावर कितीतरी हात फिरलेले असतात. बैठकीच्या खालच्या अंगाला सजवायला सहसा कुणी जात नाही. म्हणून खुर्चीचं वय तिथंच सगळ्यात स्पष्ट वाचता येतं.

पुढच्या पायऱ्या अगदी नवख्या माणसासाठी आहेत. त्यासाठी सुतारकाम यायला हवं असं नाही. एक छोटी विजेरी, एक मोजपट्टी आणि जवळचं वाचायचा चष्मा लागत असेल तर तो, एवढं पुरे.

पायरी पहिली: हे लाकूड आलं कुठून ते समजून घ्या

सतराव्या शतकाच्या शेवटी आणि अठराव्याच्या सुरुवातीला इंग्लंडातलं उंची फर्निचर अक्रोडाचं असे. मग १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचं आयात शुल्क काढून टाकलं. त्या वसाहतींत वेस्ट इंडीजही होतं, आणि जमैकाची महोगनी लंडनच्या धक्क्यावर भराभर उतरू लागली. कारागिरांना ती लगेच आवडली. फळ्या रुंद मिळत, कीड सहसा लागत नसे, आणि लाकूड इतकं घट्ट की पटाशीने बारीक नक्षी काढली तरी कडा तुटत नसे. पाठीच्या फळीत जाळीदार नक्षी कापायची तर असं लाकूडच लागतं. तशा नाजूक पाठी अक्रोडाच्या खुर्च्यांना क्वचितच दिसतात, त्याचं हेही एक कारण आहे.

ही झाडं तोडणारे हात गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी माणसांचे होते, हे या विषयात शिरणाऱ्याने पहिल्याच दिवशी जाणून घ्यावं. जमैकातली किनाऱ्याजवळची झाडं संपत गेली तशी तोड होंडुरासच्या आखाताकडे, म्हणजे आजच्या बेलीझकडे सरकली. तिथं एक माहीतगार माणूस उंच झाडावर चढून जंगलाच्या माथ्यावरून नजर टाकायचा आणि पानांच्या रंगावरून महोगनीची झाडं हेरायचा. बुंध्याला खाली रुंद पाखं असतात, म्हणून जमिनीपासून दहा-बारा फुटांवर माच बांधून त्यावरून कुऱ्हाड चालवत. दिवसाच्या उन्हात बैल टिकत नसत, म्हणून ओंडके रात्री मशालींच्या उजेडात ओढत नदीपर्यंत नेत आणि पावसाने पाणी चढलं की सोडून देत. बेलीझच्या झेंड्यावर आजही महोगनीचं झाड आहे आणि त्याच्या दोन बाजूंना लाकूडतोडे उभे आहेत. लंडनच्या दिवाणखान्यातल्या खुर्चीची गोष्ट तिथून सुरू होते.

ओळखायच्या दृष्टीने याचा उपयोग असा. जमैका आणि क्यूबाची महोगनी जड आणि घट्ट असते, आणि तिच्या बारीक छिद्रांत बऱ्याचदा खडूसारखे पांढरे कण अडकलेले दिसतात. होंडुरासची त्या मानाने हलकी, रंगाने फिकी आणि थोडी भरड. चांगल्या जुन्या खुर्चीला उचलताना वजन जाणवतं. मात्र वजन हा नुसता इशारा समजायचा, त्यावरून निकाल द्यायचा नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथंच सांगतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा जुन्या बंगल्यांच्या सामानात ‘इंग्लिश खुर्ची’ म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं सागवानी किंवा शिसवी असतं आणि इंग्रजी नमुन्यांवरून हिंदुस्थानातच बनवलेलं असतं. ते कमअस्सल अजिबात नाही. त्यातलं काही काम फार सुरेख आहे आणि त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. पण ती अठराव्या शतकातली इंग्रजी महोगनी नव्हे. सागवानाला तेलकट स्पर्श आणि ओळखीचा वास असतो. शिसवी जांभळट-काळसर असतं आणि त्यात गडद रेघा असतात. महोगनी जात्या तांबूस. झाकलेल्या जागी तांबूसच राहते आणि उन्हात वर्षानुवर्षं राहिली की मधासारख्या सोनेरी-तपकिरी रंगावर येते. गादी बसवलेली बैठकीची सुटी चौकट काढून आतला आणि बाहेरचा रंग ताडून बघा. फरक दिसायलाच हवा.

पायरी दुसरी: आकारावरून काळाचा अंदाज बांधा

हा भाग पुस्तकांतून सहज मिळतो, म्हणून थोडक्यात सांगतो.

१७२० ते १७४० च्या सुमाराची खुर्ची गोलसर खांद्यांची असते. पाठीला मधोमध फुलदाणीच्या आकाराची एकसंध फळी, पुढचे पाय गुडघ्यासारखे बाहेर येऊन घोट्याशी बारीक होणारे, म्हणजे कॅब्रिओल. पाऊल साधं गोल तरी असतं, नाहीतर पंज्यात धरलेल्या चेंडूचं. १७४० नंतर मधल्या फळीत जाळी कापली जाऊ लागते, आणि पाठीची वरची पट्टी नागमोडी होऊन तिची टोकं कानांसारखी बाहेर येतात. १७५० ते १७६५ हा लंडनचा फर्निचर-कारागीर चिपेंडेल याचा बहराचा काळ. रिबिनींच्या गाठी, गॉथिक कमानी, चिनी जाळी हे सगळं तेव्हाचं. याच काळात सरळ चौकोनी पाय आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्याही रूढ झाल्या. १७७० नंतर ग्रीक-रोमन वळणाची हवा आली: ढालीसारख्या, लंबगोल, बदामी आकाराच्या पाठी आणि खाली निमुळते होत जाणारे पाय. शेवटच्या दशकात पाठ चौकोनी आणि हलकी झाली.

थॉमस चिपेंडेल हा यॉर्कशरमधल्या ऑटली गावचा. १७५४ मध्ये त्याने लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये दुकान थाटलं आणि त्याच वर्षी नमुन्यांचं पुस्तक छापलं. त्याची तिसरी, वाढवलेली आवृत्ती १७६२ ची. जॉर्ज हेपलव्हाइटचं नमुना-पुस्तक तो वारल्यावर, १७८८ मध्ये, त्याच्या विधवा पत्नीने प्रसिद्ध केलं. त्याच्या हातची म्हणून खात्रीने सांगता येईल अशी एकही खुर्ची आज माहीत नाही. टॉमस शेरेटनचं पुस्तक १७९१ पासून भागाभागांनी आलं. ही पुस्तकं गावोगावच्या सुतारांनी विकत घेतली आणि त्यावरून हजारो खुर्च्या केल्या. म्हणून विक्रेता ‘चिपेंडेल खुर्ची’ म्हणाला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘त्या वळणाची’ एवढाच धरा. चिपेंडेलच्या स्वतःच्या कारखान्यातली म्हणायची तर नॉस्टेल प्रायरी, हेअरवुड किंवा डम्फ्रीज हाउससारख्या घरात असतात तशी बिलं किंवा पत्रं सोबत लागतात. इंग्रजी खुर्च्यांवर कारागिराचा शिक्का सहसा नसतोच. लँकॅस्टरच्या गिलो घराण्याचा ठसा हा त्यातला ठळक अपवाद, आणि तोही शतकाच्या शेवटी शेवटी दिसू लागतो.

आकार तुम्हाला ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगतो. १८५० नंतर हेच नमुने पुन्हा लोकप्रिय झाले आणि राजा सातव्या एडवर्डच्या काळापर्यंत, म्हणजे १९१० पर्यंत, त्यांच्या ढिगाने नकला झाल्या. त्याही आता शंभर-दीडशे वर्षांच्या आहेत, त्यांनाही झीज आणि डाग आहेत. आणि नवखा माणूस फसतो तो बहुतेक याच खुर्च्यांवर.

पायरी तिसरी: खुर्ची उलटी करा आणि घाई करू नका

परवानगी विचारा, बैठकीची सुटी चौकट बोटांनी खालून ढकलून बाहेर काढा, आणि खुर्ची मऊ कापडावर उलटी ठेवा. आता विजेरी आडवी धरा, म्हणजे उजेड लाकडावरून घसरत जाईल.

आधी करवतीच्या खुणा शोधा. अठराव्या शतकात ओंडके खड्ड्यावर ठेवून दोन माणसं कापत, एक वर आणि एक खाली. त्यामुळे आतल्या, रंधा न मारलेल्या बाजूवर सरळ रेघा दिसतात. त्यांतलं अंतर थोडं कमीजास्त असतं. रेघा कमानीसारख्या वळलेल्या असतील तर ते लाकूड गोल करवतीने कापलंय, आणि गोल करवत फर्निचरच्या कामात एकोणिसाव्या शतकात रुळली. अशी कमान एखाद्याच तुकड्यावर दिसली तर तो तुकडा नंतर बसवलेला. बैठकीच्या चारही पट्ट्यांवर दिसली तर खुर्चीच नंतरची.

मग रंग. आतलं लाकूड कोरडं, धुरकट तपकिरी असायला हवं, आणि ते सगळीकडे सारखं नसतं. समोरच्या पट्टीच्या खाली, जिथं खुर्ची ओढताना बोटं जातात, तिथं हातांच्या तेलाने काळपट गुळगुळीत पट्टा तयार झालेला असतो. तो पट्टा कडेकडेला विरत जातो. आतून सगळीकडे एकसारखा गडद रंग फासलेला दिसला तर सावध व्हा. न दिसणारी बाजू रंगवायला त्या काळच्या कारागिराला काहीच कारण नव्हतं.

कोपऱ्यांकडे बघा. पट्ट्या पायांना खाच आणि कुसू (खाचेत शिरणारं टोक) अशा पद्धतीने जोडून सरसाने चिकटवलेल्या असतात. सांधा पक्का राहावा म्हणून कोपऱ्यात तिरकी बारीक पट्टी, दोन्ही बाजूंना खाचा पाडून बसवलेली असे. ती पडून गेलेली असते बऱ्याचदा, पण रिकाम्या खाचा शिल्लक राहतात. त्या खाचा सापडल्या तर ती फार चांगली खूण. नंतर कुणीतरी तिथं तिकोनी ठोकळे स्क्रूने बसवलेले असतील तर बिघडत नाही. मात्र खाचांचा मागमूसच नाही आणि फक्त स्क्रूचे ठोकळे आहेत, तर बाकीच्या खुणा जास्त काटेकोरपणे तपासा. स्क्रूचं टोक बघायला मिळालं तर आणखी उत्तम. हाताने केलेल्या जुन्या स्क्रूचं टोक बोथट असतं. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे.

आता अंक. समोरच्या पट्टीच्या आतल्या काठावर पटाशीच्या सरळ घावांनी पाडलेले रोमन आकडे शोधा. सुतार संचातल्या खुर्च्यांना असे आकडे देत, आणि तोच आकडा त्या खुर्चीच्या सुट्या चौकटीवरही पाडत, कारण प्रत्येक चौकट तिच्या तिच्या खुर्चीत हाताने बेतून बसवलेली असे. चार लिहायचा तर चार उभे घाव. दोन्हीकडचा आकडा जुळला तर खुर्ची आणि चौकट जन्मापासून एकत्र आहेत. सहा खुर्च्यांच्या संचात एकीवर अकरा दिसला, तर मूळ संच किमान अकराचा, बहुधा बाराचा होता आणि वाटणीत फुटला.

किडीची भोकंही इथंच तपासायची. महोगनीच्या गाभ्याला कीड क्वचित लागते, पण गादी वरून ओढून ठोकलेल्या खुर्च्यांत आतल्या पट्ट्या बीच नावाच्या लाकडाच्या असतात आणि बीच किडीला फार आवडतं. गोल, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं म्हणजे कीड बाहेर पडल्याची खूण. खाली ताजा भुसा पडत नसेल तर ती जुनी. पण पृष्ठभागावर लांबच लांब उघडी नाळ दिसली, तर समजा की किडकं जुनं लाकूड कापून पुन्हा वापरलंय. कीड लाकडाच्या आतून पोखरत जाते, पृष्ठभागाला उघडी चर पाडत नाही.

पायरी चौथी: कोरीव काम खरं की मागून केलेलं

साध्या जुन्या खुर्चीला किंमत कमी, नक्षीदार खुर्चीला जास्त. म्हणून एकोणिसाव्या शतकात आणि नंतरही साध्या, अस्सल खुर्च्यांवर नक्षी पाडून घेण्याचा धंदा चालला. लाकूड खरं, सांधे खरे, आणि नक्षी तेवढी नंतरची. मला वाईट वाटतं ते याचं, कारण त्यात एक चांगली खुर्ची कायमची गेली.

हे ओळखायचं कसं? कॅब्रिओल पायाच्या गुडघ्यावर पानाची नक्षी आहे असं धरा. पाय बाजूने बघा, डोळा त्याच्या कडेच्या रेषेत आणून. कारागिराने मुळातच नक्षी ठरवली असेल तर तेवढं लाकूड जादा राखलेलं असतं, त्यामुळे पान पायाच्या रेषेच्या बाहेर उठून येतं. मागून कोरलेल्या नक्षीला लाकूड उरलेलंच नसतं. ती पृष्ठभागाच्या आत खणलेली असते आणि पान चपटं, पोटात गेलेलं दिसतं. बोट फिरवलं की फरक कळतो. खऱ्या नक्षीच्या उंचवट्यांवर कडा झिजून मऊ झालेल्या असतात आणि खोलगट जागी मेण आणि धूळ साठून काळोखी आलेली असते. रंगाने ही काळोखी आणायचा प्रयत्न केला तर तो सगळ्या खाचांत सारखाच बसतो.

पाठीची मधली फळी खाली कुठं बसते तेही बघा. अठराव्या शतकात ती एका वेगळ्या, छोट्या आडव्या तुकड्यात बसवत आणि तो तुकडा मागच्या पट्टीवर चिकटवत. नंतरच्या बऱ्याच नकलांत तो तुकडा आणि पट्टी एकाच लाकडाची असते. बारीक सांध्याची रेष शोधायची आहे. विजेरी इथं पुन्हा उपयोगी पडते.

पायरी पाचवी: मोजपट्टी काढा

चिपेंडेलने आपल्या पुस्तकात खुर्चीच्या बैठकीची रुंदी पुढे २२ इंच आणि मागे साडेसतरा इंच दिली आहे. म्हणजे पुढे साधारण ५६ सेंटिमीटर, मागे ४४ च्या आसपास. सगळ्यांनी ते माप काटेकोर पाळलं असं नाही, पण त्या काळच्या खुर्च्या प्रशस्त असतात. नंतरच्या नकला बऱ्याचदा अरुंद, कारण लाकूड वाचवायचं होतं. पुढे जेमतेम ४५ सेंटिमीटर भरली तर शंका घ्या.

हातांच्या खुर्चीत मापाला आणखी महत्त्व. संचातली हातांची खुर्ची मुळातच बिनहातांच्या खुर्चीपेक्षा दोन-तीन इंच रुंद केलेली असते. बिनहातांच्या खुर्चीला मागाहून हात लावून किंमत वाढवलेली असेल तर रुंदी बाकीच्यांइतकीच राहते आणि बसल्यावर कोपरं आवळल्यासारखी वाटतात. म्हणून हातांच्या खुर्चीत बसून बघा.

उंचीही मोजा. ओल्या फरशीने कुजलेली पावलं कापून टाकलेली असू शकतात, किंवा खाली नवे तुकडे जोडलेले असू शकतात. मागच्या पायांना वाजवीपेक्षा कमी लांबी असेल तर खुर्ची मागे झुकते.

मोठ्या संचांबद्दल एक इशारा. सहापेक्षा आठ खुर्च्यांना, आणि आठपेक्षा बाराला, नग मागे जास्त भाव येतो. म्हणून पूर्वी काही दुकानदार सहा खुर्च्या सुट्या करत, प्रत्येकीतून एखादा पाय, एखादी पट्टी काढत, जागी नवं लाकूड भरत आणि काढलेल्या तुकड्यांतून आणखी दोन उभ्या करत. प्रत्येक खुर्चीत थोडं जुनं, थोडं नवं. संच बघताना म्हणून एकच खुर्ची उलटून थांबू नका, सगळ्या उलटा. दुकानदार कुरकुरला तर तेही टिपून ठेवा.

पायरी सहावी: गादी

गादीवर फार वेळ घालवू नका, कापड मूळचं असणं दुर्मीळच. त्या काळी खाली आडवे-उभे पट्टे, त्यावर जाड कापड, मग घोड्याचे केस आणि वरून चामडं, भरतकाम किंवा घोड्याच्याच केसांचं विणलेलं कापड असे. स्प्रिंग नव्हत्या, त्या १८२० नंतरच्या. आत स्प्रिंग सापडल्या तर गादी बदलली आहे एवढंच कळतं. चौकटीच्या काठावर जुन्या खिळ्यांच्या भोकांची दाटी असायला हवी. अडीचशे वर्षांत गादी कितीदा तरी नवी झाली असणार, आणि चौकटीवर फक्त एकच रांग असेल तर ती चौकट नवी आहे.

पायरी सातवी: काय चालवून घ्यायचं

कोपऱ्यातले नवे ठोकळे, चिकटवलेला कान, पाठीच्या फळीतली जुनी सांधलेली चीर, किडलेल्या बीचच्या जागी नवी पट्टी: हे सगळं चालतं, सांगून विकलं असेल तर. वरची पट्टी पूर्ण बदललेली, मागचा पाय बैठकीच्या वर तुटून जोडलेला, किंवा नवीन मधली फळी असेल तर भाव बराच उतरायला हवा. सँडपेपरने घासून नवी केलेली खुर्ची मी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेणार नाही. अडीचशे वर्षांचं मेण, हात आणि ऊन यांनी आलेली कांती कुठल्याही पॉलिशने परत येत नाही.

पायरी आठवी: डोळा तयार करा, मग खरेदी

इंग्लंडात राहत असाल तर लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि लीड्सजवळचं टेम्पल न्यूसम इथं अस्सल खुर्च्या शांतपणे बघता येतात. हात लावायचा तर गावोगावच्या लिलावांची आधीची पाहणी गाठा. तिथं उलटून बघायला सहसा ना नसते आणि न घेताही येता येतं. बोली लावण्याआधी लिलावगृहाकडून स्थितीचा लेखी अहवाल मागा, आणि बोलीच्या वर त्यांचं कमिशन किती लागतं ते विचारून घ्या. ती रक्कम लहान नसते. गेल्या पंचवीस वर्षांत या तपकिरी फर्निचरचे भाव पुष्कळ उतरले आहेत. शिकणाऱ्यासाठी ही चांगली वेळ आहे.

पहिली खुर्ची एकच घ्या, बिनहातांची, १७७० च्या आसपासची, साध्या सरळ पायांची. शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांच्या पाठीची मिळाली तर उत्तम. त्यात नक्षी कमी, त्यामुळे फसवणुकीला जागा कमी, आणि सुतारकाम नीट दिसतं.

पायरी नववी: घरी आणल्यावर

उचलताना बैठकीच्या पट्टीखाली हात घाला, वरच्या पट्टीला धरून कधीही उचलू नका. हीटर, एसीचा झोत आणि खिडकीतलं थेट ऊन यांपासून दूर ठेवा. भारतात आणलीत तर पावसाळ्यात ती भिंतीला टेकवू नका, मागून हवा खेळू द्या. बुरशी आली तर कोरड्या मऊ कापडाने पुसा. सांधा सैल झाला तर मिस्त्रीला सरसच वापरायला सांगा: गरम पाण्याने तो सुटतो, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत लाकूड फाटत नाही. पांढऱ्या डिंकाने जोडलेला सांधा पुढे सोडवताना कुसू तुटतं. आणि ‘पॉलिश करून एकदम नवी करून देतो’ असं तो म्हणाला तर प्रेमाने नको म्हणा. वर्षातून एक-दोनदा मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि लोकरीच्या कापडाने चोळा. फवाऱ्याची पॉलिश लावू नका.